परत बघ

कोयता कृणालच्या हातापासून वीतभर लांब होता. बर्फ काढायला त्याच्या आईने, अंजनाबाईने, तो फळीवर ठेवला आणि नेमकी तेव्हाच समोरची गिऱ्हाईक बाई बोलली.

"हाच ना तो वेडा? मागे पाटी उलटवली होती यानेच. याला घरी बांधून ठेवायचं सोडून बाजारात काय बसवता?"

बोरीवलीच्या मासळी बाजारात ओळीने बसलेल्या कोळणींनी माना वळवल्या. शेजारची राधा उठून उभी राहिली. पाटी उलटली त्या दिवशी तिनेच सगळ्यांच्या वतीने सांगितलं होतं, "अंजना, आणखी एकदा असं झालं तर पोराला आणू नकोस." बाजारात येणं बंद झालं की कृणालच्या नशिबी पुन्हा घरातली ती खोली, बाहेरून कडी आणि भिंतीतून येणारे, फक्त त्यालाच ऐकू येणारे आवाज.

गोळ्या चालूच होत्या. जोडीला दर शुक्रवारी तो मानसोपचार केंद्रात शिकायला जायचा. तिथे अस्मिताताई कॉम्प्युटरवर माणसांचे चेहरे दाखवायची. "थांब. परत बघ. मग सांग, याच्या मनात काय आहे?" सुरुवातीला कृणालला प्रत्येक चेहऱ्यात रागच दिसायचा. रडणाऱ्यातसुद्धा. "फोटो बघून कोण बरं होतं?" अंजनाबाई कुरकुरायची. तरी शुक्रवारी लवकर पाटी उचलून त्याला घेऊन जायची.

आता कृणालच्या मुठी वळल्या. मान खाली गेली. ओठ आपल्याशीच हलू लागले.

"अंजना," राधा दबक्या आवाजात म्हणाली, "आधी तो कोयता उचल."

अंजनाबाईने कोयता उचलला. आणि तो उगारून ती त्या बाईवर धावली.

"कोणाला बांधतेस गं? ये, तुलाच बांधते!"

बाईच्या हातून पिशवी सुटली. पापलेटं ओल्या फरशीवर घसरत गेली. ओळीतली एकही कोळीण जागची हलली नाही.

मागून कोणीतरी अंजनाबाईचं मनगट घट्ट धरलं. तो कृणाल होता.

"आये, थांब. परत बघ तिला."

"काय बघू? थोबाड बघ तिचं!"

"तेच बघतोय. रागावली नाय ती. घाबरलीय."

"तुला घाबरते ती, तुला!" अंजनाबाई ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मघाशी मला," कृणाल हळूच म्हणाला. "आता तुला."