बाईंचा शब्द

रूपी चहा घेऊन आत आली तेव्हा घराचा कागद बाईंना वाचून दाखवून झाला होता.

"अंगठा इथे," असं म्हणत निलम वकीलबाईंनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं आणि शाईचा पॅड उघडला.

जयश्रीबाई उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग भाच्याकडे. ओठ दोनदा नुसतेच हलले. तिसऱ्यांदा शब्द आला.

"इनडिस्पोज्ड."

"बरं वाटत नाहीये तिला," जिग्नेश म्हणाला. "पाणी दे गं, रूपी. जरा हुशारी आली की घेऊ अंगठा."

रूपीने ट्रे खाली ठेवला, पण पाण्याला हात लावला नाही.

"बरं नाही असं नाही म्हणत त्या, जिग्नेशभाई. बाई नको म्हणतात."

जयश्रीबाईंनी डहाणूच्या शाळेत तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्त होऊन त्या नरपडच्या या घरात राहायला आल्या, तेव्हा कैनाडची रूपी त्यांच्याकडे धुण्याभांड्याला लागली आणि मग राहिलीच. कैनाडचं घर भावाचं होतं. तिथे तिच्यासाठी कोणी अंथरूण घालून ठेवलेलं नव्हतं. चौथीपर्यंत शिकलेल्या रूपीला या घरात एकोणीस वर्षं झाली होती.

बाई आजारी पडल्या तरी साधं 'बरं नाही' असं कधी म्हणत नसत. पोटात ढवळलं की 'क्वीझी'. चेहरा उतरला की 'पीकी'. अंग मोडून आलं की 'अंडर द वेदर'. कशातच लक्ष लागेना झालं की 'आउट ऑफ सॉर्ट्स'. मऊ भात टाकायचा की रिक्षा बोलवायची, हे रूपी शब्दावरून ठरवायची. गेल्या वर्षी बाईंना लकवा झाला, बोलणं गेलं, आणि हे असले चार शब्द तेवढे मागे राहिले. तेव्हापासून डॉक्टर घरात शिरताना आधी रूपीलाच विचारत, "आज काय म्हणाल्या?" मोठ्या डॉक्टरला आपल्यामुळे इंग्रजी कळतं, या गोष्टीचा रूपीला केवढा अभिमान होता. तो ती लपवतही नसे.

वकीलबाईंनी मोबाईलमध्ये शब्द शोधला.

"किंचित आजारी," त्यांनी वाचलं. मग थांबून म्हणाल्या, "दुसराही अर्थ आहे. अनिच्छुक. दोन्ही दिलेत."

"मग आजारीच!" जिग्नेशचा आवाज चढला. "वापीहून सुट्टी टाकून आलोय मी. आत्याच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे."

"बाईंच्या मनात हे घर शिकायला येणाऱ्या पोरींसाठी आहे," रूपी म्हणाली. "तलासरीच्या, वेवजीच्या पोरी डहाणूत कॉलेजला येतात, त्यांना राहायला. बाई नेहमी सांगायच्या."

"ते जुनं बोलणं झालं. कुठल्या कोण पोरी! आधी घरच्या माणसाचं बघायला नको? आणि तू मध्ये पडू नकोस. तुला कळतंय का तू काय करतेस ते? अगं, या कागदात..."

"जिग्नेशभाई," वकीलबाईंनी त्याला अडवलं. "अंगठा होईपर्यंत कागदातलं काही बोलायचं नाही." त्या रूपीकडे वळल्या. "नको म्हणतात, हे कशावरून?"

रूपीने पदर खोचला.

"शाळेचे लोक सत्काराला बोलवायला गाडी पाठवायचे. बाई इथेच बसून तळलेले बोंबील खात असायच्या. मला म्हणायच्या, जा, सांग त्यांना, आय अ‍ॅम इनडिस्पोज्ड. पहिल्यांदा मी घाबरले, त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. तर हसल्या. म्हणाल्या, अगं, मला काही झालेलं नाही. समोरच्याचा मान राखून नाही म्हणायचं असलं की हा शब्द. एकोणीस वर्षांत दुखण्याला त्यांनी हा शब्द एकदाही वापरला नाही. आणि आज सकाळी दोन घावन खाल्लेत त्यांनी. दुखतंय कुठे?"

वकीलबाई पलंगाच्या कडेला बसल्या.

"बाई, तब्येत बरी नाही का?"

जयश्रीबाईंनी मान हलवली. नाही, तसं नाही.

"मग अंगठा द्यायचा नाही?"

बाईंनी आपला चांगला हात हळूहळू ओढून गोधडीखाली घेतला. मग त्यांनी रूपीकडे पाहिलं. पाहता पाहता त्यांचे डोळे भरून आले.

"करेक्ट," त्या म्हणाल्या.

हा शब्द लकव्यानंतर पहिल्यांदाच आला होता. रूपी दारात उभी होती. पहिलं बक्षीस घ्यायला नाव पुकारलेल्या मुलीसारखी तिची मान वर झाली.

जिग्नेशने कपाळाला हात लावला, रूपीकडे एकदा बघितलं आणि बाहेर जाऊन गाडीत बसला. वकीलबाईंनी पॅड मिटला, कागद फाइलमध्ये घातला. ओट्यावर चपला घालता घालता त्या थांबल्या.

"रूपी, तुला मराठी वाचता येतं ना?"

"येतं की. बाईंचा पेपर मीच वाचते त्यांना."

"मग हा कागद?"

"तो पण वाचला. सकाळी जिग्नेशभाई आंघोळीला गेले तेव्हा टेबलावर होता."

"सगळा?"

"सगळा," रूपी म्हणाली. "घर आणि मागची वाडी, रूपी, राहणार कैनाड, हिच्या नावे."