गाणं चालू असेपर्यंत

"खरखर नाही हो, टणटण! खरखर असती तर मी मुकाट्याने सोसली असती," लेक म्हणाली.

मेकॅनिक बाई स्टुलावर उभ्या होत्या. स्टिरिओचं मागचं झाकण काढून त्यांनी आत डोकं घातलं होतं. आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह तांबूस पेटले होते. स्टिरिओ बाबांचा, त्यांच्या तरुणपणातला. त्याच्यासाठी बाबांनी स्वतःच्या हाताने वरचा मजला तोलणाऱ्या लाकडी तुळईला फळी टांगली होती. आता बाबा त्याच तुळईच्या वर, आपल्या खोलीत, पलंगाला खिळले होते.

"आठवडाभर माझ्या दुकानात वाजत होता. एक शब्द वाकडा बोलला नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या घरी आला की याच्या अंगात काय येतं?"

"माझ्यावर राग असेल. या घरात सगळ्यांचाच आहे."

ती हसून म्हणाली खरं, पण ते तिला लागलेलं होतं. टणटण तरी सरळ असावी! गाणं लावलं की थोड्या वेळाने सुरू व्हायची. नीट ऐकावं म्हणून गाणं थांबवलं, की तीही गप्प. वरून बाबांची आरोळी यायची, "अगं, बंद का केलंस? लाव की!" जेवत्या ताटावरून उठवल्यासारखे ओरडायचे. या वयात गाण्यासाठी एवढा जीव टाकायचा म्हणजे कमालच, असं म्हणत ती पुन्हा लावायची.

बाबांच्या पायाचं मोडलेलं हाड कधीच जुळलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आता चालवा यांना. तिने चालवलं. दुसऱ्याच पावलाला बाबा कोसळले आणि ती किंचाळली. जमिनीवर बसून, भिंतीकडे बघत बाबा म्हणाले होते, "पुन्हा तुझ्यासमोर पडायचं नाही मला." संपलं! त्यानंतर त्यांनी पाय म्हणून खाली टेकवला नाही. त्यांना उचलून तिची कंबर गेली, आणि तिच्याकडे बघून भावाचा धीर सुटला. त्याने शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली. शनिवारी तो गाडी घेऊन येणार होता. तिचा होकार तेवढा राहिला होता, आणि त्यासाठी तो आज फोन करणार होता. ती हो म्हणणार होती. काय करणार, दुसरं काही सुचत नव्हतं. बाबांना पाठवायचंच आहे, तर सोबत त्यांचा स्टिरिओ तरी धड जाऊ दे, एवढंच तिच्या हातात होतं.

मेकॅनिक बाईंनी खिशातून पेन्सिल काढली आणि तिच्या मागच्या टोकाने एकेका व्हॉल्व्हला हलकेच टिचकी मारली. टप. टप. टप. कोपऱ्यातल्याला मारली, आणि स्पीकर ओरडला, "टण!"

"सापडला! हा बघा, कान टवकारून बसलाय. कुठे जरा हादरा बसला की बोंब मारतो."

"मग टाका बदलून."

"बदलते हो. पण एरवी याला टिचकी मारतंय कोण? ते कळल्याशिवाय मला चैन पडायची नाही. मला तर गाण्याचाच संशय येतोय. असं करा, स्टिरिओ नुसता चालू राहू दे, आणि गाणं तुमच्या मोबाइलवर लावा. चांगलं मोठ्याने."

लेकीने बाबांच्या आवडीचं गाणं लावलं आणि मोबाइल टेबलावर ठेवला. फळीवरचा स्टिरिओ गप्प होता. पहिलं कडवं संपलं, तरी गप्प. लेक तोंड उघडणार, तेवढ्यात स्पीकरमधून आलं, "टण."

मग जरा थांबून, दबकत, "टिण."

पुन्हा टण. पुन्हा टिण. एक ठाम, एक चाचरत.

"छे! हे गाण्याच्या तालात नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी तुळईला हात लावून बघितला आणि मान वर केली. "वर कोण चालतंय?"

"वर? कोणी नाही. बाबा आहेत, पण ते चालत ना..."

तुझ्यासमोर, असं म्हणाले होते बाबा. तुझ्यासमोर पडायचं नाही. चालायचं नाही, असं कुठे म्हणाले होते? तिला रडू आलं आणि हसूही आलं. अरे लबाडा! खाली पावलं ऐकू जाऊ नयेत म्हणून गाणं हवं होतं होय! आणि आपणच टांगलेल्या फळीवरून हा चहाडखोर आपलं नाव सांगतोय, याचा वर पत्ताही नाही.

टण. टिण. टण.

गाणं मध्येच तुटलं आणि मोबाइल घणघणला. भावाचा फोन होता. स्टिरिओही त्याच क्षणी गप्प झाला.

"अगं, गाणं लाव!" वरून हाक आली.

आजवर तिला हा आवाज रागाचा वाटत आला होता. पण तो थरथरत होता. खोलीच्या मधोमध, हाताशी धरायला काही नसताना, तोल सावरत उभ्या असलेल्या माणसाचा आवाज होता तो. आणि आजवर दरवेळी गाणं थांबवून तिने त्यांना तसंच उभं करून ठेवलं होतं.

"लावते, बाबा, लावते!" ती ओरडली, आणि तिने भावाचा फोन कापला.