पट्टीखालची कातडी

पपईच्या चिकातल्या एन्झाइमचं मलम माणसाच्या कातडीला सोसतं का, ते पाहायला प्रयोगशाळेतल्या सगळ्यांच्या हातांवर पट्ट्या लावल्या होत्या. बाकीचे आग होतेय म्हणून कळवळत होते. कँटीनच्या स्वयंपाकीण मावशी तेवढ्या निवांत.

“विस्तवापुढे जन्म गेला, डॉक्टर. आमची कातडी गेंड्याची!”

डॉक्टर हसत हसत पट्टी काढू लागले आणि मधेच थांबले. पट्टीखालची कातडी सोलून निघाली होती.

“मावशी, डोळे मिटा. सुई टोचतो. टोचली की सांगा.”

मावशींनी लहान पोरीसारखे डोळे गच्च मिटले.

डॉक्टरांनी मनगटापाशी सुई टोचली. मग तळहातावर, मग बोटांवर. कापसाने रक्त टिपलं.

“अहो, घाबरताय काय एवढे?” डोळे न उघडताच मावशी म्हणाल्या. “टोचा की आता!”