दोन घटका

फ्रीजरच्या आतलं पाठीचं झाकण स्क्रू काढून बाजूला केलं, तर प्रणिताला पुन्हा तोच बर्फ दिसला. थंडावा देणाऱ्या नळ्या त्याखाली पार गाडल्या गेल्या होत्या, गार हवा खाली ढकलणाऱ्या पंख्याचं पातंही अडकलं होतं. वर एवढा बर्फ, आणि खालच्या कप्प्यात बाळासाठी काढून ठेवलेलं दूध कोमट! तिने बाटलीचं टोपण उघडून वास घेतला आणि दूध मोरीत ओतलं. ओतताना तिला रडू आलं.

परवा, सोमवारी, तिला बेळगावला पॉलिटेक्निकमध्ये हजर व्हायचं होतं. बाळंतपणाची रजा संपली होती, वाढवून मिळणार नव्हती. निपाणीहून बेळगाव म्हणजे सकाळी गेलेलं माणूस संध्याकाळी परत. सासऱ्यांनी, पायगोंडा आप्पांनी, परवानगी दिली होती, पण अट घालून. "आईचं दूध घरात असलं तर जा खुशाल. डब्यातली पावडर माझ्या नातवाच्या पोटात जायची न्हाय." या घरात पहिला फ्रीज आला तो या दुधासाठीच. सगळी भिस्त त्याच्यावर होती, आणि त्याने दगा द्यायला हीच वेळ निवडली होती.

तिच्या अंगावर कॉलेजच्या वर्कशॉपचा निळा एप्रन होता. कपडे भिजू नयेत म्हणून ट्रंकेतून काढलेला, खिशावर नाव शिवलेला. तो चढवल्यावर तिला आपण पुन्हा कुणीतरी आहोत असं वाटलं होतं. मेकॅनिकला बोलवू या, असं तिचा नवरा कुमार सकाळी म्हणाला, तेव्हा तिने उडवून लावलं. पोरांना हेच तर शिकवते मी, म्हणाली.

बर्फ तिने याआधी दोनदा काढला होता. आठवडाभर फ्रीज शहाण्यासारखा वागायचा, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आज मात्र मूळ सापडल्याशिवाय उठायचं नाही असं तिने ठरवलं. गरम पाण्याची पातेली ठेवून निघेल तेवढा बर्फ सोडवला आणि मीटर घेऊन बसली. बर्फ वितळवणारा हीटर ठीक होता. त्याचा थर्मोस्टॅट ठीक, सेन्सरही ठीक. सगळे भाग धडधाकट, आणि तरी हीटर आपल्या वेळेला तापत नव्हता. उन्हं कलली तशी तिने झाकण बसवलं आणि फ्रीज चालू केला. आत खोलवरचा बर्फ तसाच राहिला होता.

सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकली. आप्पा सोप्यात, बाहेरच्या खोलीत, आले, पूर्वेच्या भिंतीकडे तोंड करून चटई अंथरली. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तिन्ही वेळा ते इथेच सामायिकाला, जैनांच्या ध्यानाला, बसत. दोन घटका, म्हणजे पाऊण तासावर, बोलणं नाही, हलणं नाही. फ्रीजही सोप्यातच होता, कारण शिळं ठेवायचं कपाट सासूबाई स्वयंपाकघरात येऊ देत नव्हत्या.

"प्रणिता, तेवढं बंद कर गं. घुमतंय," आप्पा म्हणाले.

ती रोजच्यासारखी बटणाकडे गेली आणि तिचा हात तिथेच थांबला. फ्रीज ठरावीक तास चालला की मग हीटर पेटणार. ते तास आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड मोजतं. मधेच वीज तोडली की मोजलेलं सगळं पुसलं जातं. दिवसातून तीन वेळा पुसलं जात होतं, आणि ते तिच्याच बोटाने. दुपारभर ती जो दोष यंत्रात शोधत होती, तो हा असा समोर उभा होता.

"आप्पा, आज चालू राहू दे. त्यात काय बी बिघडलेलं न्हाय. सारखं बंद केल्यानं होतंय."

"दोन घटकांनी काय बिघडतंय?"

"तुमचं सामायिक मधेच मोडलं तर काय करताय?"

"पयल्यापासनं बसायचं."

"त्याचं बी तसंच हाय. मोजणं पयल्यापासनं सुरू होतंय. बर्फ वितळायची वेळ येतच न्हाय. दूध नासतंय."

आप्पा विचारात पडले. समजूतदार म्हणून गल्लीत त्यांचं नाव होतं, भांडणं मिटवायला लोक त्यांच्याकडेच यायचे. त्यांनी फ्रीजकडे पाहिलं, मग सुनेकडे. "व्हय की," ते हळूच म्हणाले. "खरं हाय तुझं."

प्रणिताला इतकं हलकं वाटलं की सोमवार सकाळची बससुद्धा तिने मनात धरून टाकली.

"मग असं कर," आप्पा म्हणाले, "मी उठलो की लगीच चालू करत जा. उशीर लावू नको." आणि त्यांनी डोळे मिटले.

दारामागे सासूबाई बाळाला थोपटत होत्या. प्रणिताने बटण दाबलं.

घुमणं थांबलं. त्या शांततेत राहिलेल्या बर्फाचं पाणी दारातून फरशीवर गळू लागलं. टप्, टप्. आप्पांच्या कपाळाला आठी पडली. सामायिकात बोलायचं नसतं. डोळे न उघडता त्यांनी नुसतं बोट फ्रीजकडे केलं.

प्रणिताने अंगातला एप्रन काढला, त्याची नीट घडी घातली आणि थेंबांखाली ठेवली. पाणी पडतच राहिलं, आवाज तेवढा बंद झाला.