चुकलेला चंद्रोदय

"चंद्र आलाच नाही, सर!" चपला काढता काढताच आकाशदर्शन मंडळाच्या अध्यक्षांनी सुरुवात केली. "वर्षातली पहिली पौर्णिमा म्हणून काल तळ्यावर माणसं जमवली. दुर्बिणी लावल्या. तुमच्या दिनदर्शिकेतली वेळ झाली आणि समोर नुसतं आभाळ. रुसलेल्या जावयाची वाट पाहावी तशी आम्ही चंद्राची वाट पाहिली."

"शेवटी आला ना?" सरांनी विचारलं.

"आला, आरामात आला. तोवर निम्मी मंडळी घरी गेली होती. उरलेल्यांनी माझी यथेच्छ टिंगल केली."

चहाचा ट्रे घेऊन सरांची सून दारातच थबकली.

आकाश पाहणाऱ्या मंडळींसाठी सर दर वर्षी ही दिनदर्शिका काढत. ग्रहणं, उल्कावर्षाव, कोणता ग्रह कधी चंद्राजवळ येणार, सूर्य-चंद्र कधी उगवणार आणि मावळणार. पहिल्या पानावर फक्त त्यांचं नाव असे. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला मिरवायला तेवढं पुरे होतं. लोक तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत. पूर्वी ते सगळं हाताने मांडत. नंतर मुलगा त्यांच्यासाठी कॉम्प्युटरवर बसू लागला.

मुलगा दूर पूर्वेकडे एका खाणीत इंजिनियर होता. सुट्टीवर आला की वर्षभराचं काम उरकून जायचा. गेल्या वर्षी एका सकाळी तो खाली उतरला आणि खाण ढासळली. बरेच दिवस उकरलं, मग खाण तशीच बुजवून टाकली. घरी काहीच आलं नाही. सून भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जेवायची नाही, बोलायची नाही. एक दिवस सरांनी कॉम्प्युटरवरचं झाकण काढलं आणि तिला म्हटलं, "मला आकडे दिसत नाहीत गं. तू बसशील?" ती बसली. त्या कामापायी हळूहळू दोन घास खाऊ लागली.

सर मात्र तेव्हापासून थोडे बिघडले, असं तिला वाटे. चंद्र संध्याकाळी उगवायचा असला की ते फार आधीच गच्चीवर जात आणि रिकाम्या क्षितिजाकडे बघत उभे राहत. "बाबा, चंद्राला अजून वेळ आहे!" ती खालून ओरडायची. "असू दे," ते म्हणायचे. म्हातारपण कोणाला चुकलंय, असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं.

"सर, रागावू नका," अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "मंडळींचं म्हणणं आहे, हे काम सूनबाईंकडे गेल्यापासून... पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला द्यावं."

सरांनी भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली आणि चष्मा लावला. बोट एकेका ओळीवरून सरकू लागलं. ग्रहणं बरोबर होती. उल्कावर्षावाच्या रात्री बरोबर होत्या. चुकलं होतं ते फक्त उगवणं आणि मावळणं. सूर्य काय, चंद्र काय, सगळे लवकर. चंद्रग्रहण लागतं ते सगळ्यांना एकाच वेळी, पण उगवणं हे ज्या त्या गावाचं वेगळं. जितकं पूर्वेला, तितकं लवकर. म्हणून कॉम्प्युटरला आधी गाव सांगावं लागतं. कोणीतरी त्याला दुसरंच गाव सांगितलं होतं.

वेळा किती मिनिटं आधीच्या आहेत, ते सरांनी मनातल्या मनात मोजलं. त्यांचं बोट तिथेच थांबलं. त्यांनी वर पाहिलं, तर सून अजून दारातच उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चूक माझी आहे," सर म्हणाले. "आकडे मी सांगितले, हिने फक्त टाइप केले."

"तुमची? इतक्या वर्षांत कधी एका मिनिटाची चूक नाही!"

"वय झालं हो. परवा चष्मा डोळ्यांवर असताना घरभर शोधत होतो." अध्यक्ष हसले नाहीत. "माझं नाव काढून टाका. पण काम हिच्याकडेच राहू द्या. एवढं माझं ऐका."

अध्यक्षांनी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे, सर. पुढच्या वेळी आमच्यातला कोणीतरी तपासून घेईल." चहा न पिताच ते उठले. सरांनी त्यांना दारापर्यंत सोडलं. पहिल्या पानावरच्या नावाची एवढी सवय झाली होती की ते नाव गेल्याचं दुःख गिळायला त्यांना दारातच जरा थांबावं लागलं.

ते आत आले तेव्हा सून दिनदर्शिका छातीशी धरून उभी होती.

"बाबा, माझ्याकडून झालं ते," ती रडत म्हणाली. "मी रोज त्यात यांच्या खाणीचं गाव टाकायचे. तिकडे चंद्र कधी वर येतो, तेवढंच बघायला. छपाईचं काढताना बदलायचं राहूनच गेलं."

"कळलं मला."

"पण गावाचं नाव तर कुठेच छापलेलं नाही. नुसत्या मिनिटांवरून कसं कळलं?"

बाहेर दिवेलागण झाली होती. चंद्राला अजून अवकाश होता. सरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि ते गच्चीच्या जिन्याकडे वळले. पहिल्या पायरीवर थांबून त्यांनी तिच्यापुढे हात केला.

"चल, पोरी," ते म्हणाले. "तिकडे उगवला."