मेंढ्याचं नाणं
निमोण्याच्या बिरदेव आबांनी गेल्या साली सगळी मेंढरं विकून क्रिप्टोची नाणी घेतली. पोरगी सोनम कंपनीत कामाला. तिनं मोठं, नावाजलेलं नाणं सुचवलं होतं. आबांनी मात्र मेंढ्याचं चित्र असलेलं निवडलं. "जनावर मला कळतं," म्हणाले. आज तिनं मोबाइलमधलं वॉलेट उघडलं, तर मेंढ्याच्या जागी नुसतं राखाडी वर्तुळ होतं. "वॉलेटवाल्यांनी हे नाणं यादीतनं काढलं, आबा. कुणी घेत न्हाई म्हणं." "मग आपलं गेलं कुठं?" "हाय तिथंच हाय. पण हितनं विकता येत न्हाई, आन् दुसरीकडं गिऱ्हाईक न्हाई." आबांनी त्या वर्तुळावरनं बोट फिरवलं. "वाटंत मेंढरू लंगडलं तर आमी घोड्यावर घालून आणायचो. हळू चालतं म्हणून मागं न्हाई टाकलं कवा." भाकरी थापणारी बायको म्हणाली, "त्यो घोडाबी तुमी ह्या मेंढ्यातच घातलाय."