बापाची घडी

डॉ. अनिसा मकदूम यांनी रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढला आणि आवाज होईल तेवढा मऊ करून सांगितलं की मल्लप्पा, वडिलांचा आजार तुमच्यात उतरलाय.

"नक्की वडिलांचाच?" मल्लप्पानं विचारलं.

"नक्की. तीच चूक, त्याच जागी."

मल्लप्पानं हात जोडले. हसू काही केल्या तोंडात मावेना. डॉक्टरीणबाईंना वाटलं, माणसाला धक्का बसला. त्यांनी पाणी मागवलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावलं. रक्तात एक प्रथिन असतं. त्याचे चार भाग एकमेकांना धरून राहतात. तुमच्या घराण्यात त्या भागांत जन्मतःच एक बारीकसा फरक आहे. त्यानं पकड सुटते, भागांची घडी विस्कटते, आणि ते एकमेकांना चिकटून नसांत, हृदयात जाऊन बसतात. म्हणून आधी हाताला मुंग्या. पण वेळेत कळलंय, पकड घट्ट ठेवणाऱ्या गोळ्या आता मिळतात, घाबरू नका.

घाबरतोय कोण! मल्लप्पा नवी पेठेतल्या दुकानात तीस वर्षं चादरींच्या घड्या घालत होता. पहिल्या भेटीत बाई "तुमची घडी चुकत असेल" म्हणाल्या तेव्हा गडी तासभर फुगून बसला होता. आज त्यानं त्याच चुकलेल्या घडीच्या दोन प्रती मागून घेतल्या. एक रंगीत.

कारण निंगप्पा, त्याचा थोरला भाऊ. मल्लप्पाला समजायला लागलं तेव्हापासून हा त्याला सांगत आलाय, "तुला बोहारणीकडनं घेतलंय, जुन्या लुगड्यांवर." आता असं घरोघरी चिडवतात आणि मोठं झाल्यावर विसरतात. निंगप्पा विसरेल तर शपथ. त्यानं ते मल्लप्पाच्या वरातीत सांगितलं, पोरीच्या बारशाला सांगितलं, गेल्या साली याच आजारानं वडील, म्हणजे आप्पा, गेले तर दिवसकार्याच्या पंगतीतही सांगितलं. लोक हसले. अव्वा, म्हणजे त्यांची आई, मात्र कधी हसायची नाही आणि कधी रागवायचीही नाही. गुपचूप उठून आत जायची. तेच मल्लप्पाला खायचं. पन्नाशी उलटली तरी मनात यायचं, खरंच असलं तर? आपण आप्पांचे नसलोच तर?

त्यामुळे बाईंनी दोघा भावांना तपासणी सांगितली आणि मुलात उतरायची शक्यता निम्मी असते म्हणाल्या, तेव्हा मल्लप्पा सिद्धेश्वराला नवस बोलून आला होता. उतरू दे.

रिपोर्ट आणि पेढे घेऊन तो रिक्षानं थेट भवानी पेठेत निंगप्पाच्या घरी गेला. अव्वा तिथंच राहायची. दोघांच्या पुढ्यात त्यानं कागद ठेवला.

"वाच. आप्पांचं हाय. बोहारीण असलं काय देत न्हाय."

निंगप्पानं वाचलं. त्याचा चेहरा खरंच उतरला. त्यानं धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला, गोळ्या कधीपासून घ्यायच्या ते विचारलं, सोबत येतो म्हणाला. क्षणभर मल्लप्पाला गहिवरून आलं. पण खोड ती खोड. निंगप्पाचा स्वतःचा रिपोर्ट गेल्याच आठवड्यात आला होता आणि तो साफ होता. त्यानं पेढा उचलला आणि अव्वाकडे वळून डोळे मिचकावले.

"माझ्यात कायबी न्हाय. नशीब. अव्वा, आता तूच सांग की एकदाचं, बोहारणीकडनं कुणाला घेतलंय?"

अव्वानं पेढ्याचा तुकडा बोळक्या तोंडात घोळवला. या वेळी ती उठली नाही.

"तुला," ती निंगप्पाला म्हणाली. "तिच्या कडंवर हुतास. ती पातेलं देत हुती. मी म्हनलं, पातेलं नको."